एआय एजंटला वापरता येईल असे टूलचे वर्णन कसे लिहावे

टूलच्या, म्हणजे एखादे ठरावीक काम करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दस्तऐवजात काही राहून गेले असेल तर वाचणारा माणूस ते स्वतः भरून काढतो. तो स्क्रीनवर काय दिसते ते पाहतो, एकदोन प्रयोग करतो, अडलेच तर सहकाऱ्याला विचारतो. एआय एजंटला, म्हणजे टूल वापरून स्वतः कामे करणाऱ्या, भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती मूल्ये कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा) एवढ्याच मजकुरावरून हे टूल आत्ता वापरायचे का आणि त्याला कोणती मूल्ये द्यायची हे ठरवावे लागते. ओपनएआयने जून 2023 मध्ये आपल्या एपीआयमध्ये (इतर प्रोग्रॅमना मॉडेल वापरता येण्याच्या मार्गात) आणलेले फंक्शन कॉलिंग असो किंवा अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलला टूल जोडण्याची एमसीपी ही पद्धत, असो, तपशील वेगळे असले तरी मॉडेलपुढे मुख्यतः हेच तीन भाग जातात. त्यामुळे वर्णनातला शब्द बदलला की टूलचा वापरही बदलतो, आणि हा मजकूर कोडइतक्याच काळजीने लिहिणे भाग आहे.

नावाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. त्यातून कृती आणि वस्तू दोन्ही कळाव्यात, आणि एकाच गोष्टीला एका टूलमध्ये ‘युजर’ व दुसऱ्यात ‘कस्टमर’ म्हणू नये, एवढे पाळले तरी पुरते.

खरी मेहनत वर्णनावर घ्यावी लागते. समजा ‘गेट-ऑर्डर’ नावाचे टूल आहे आणि त्याचे वर्णन ‘ऑर्डरची माहिती मिळवते’ इतकेच आहे. हे वाक्य खरे असले तरी नावातून कळत नव्हते असे त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘ऑर्डर आयडीवरून एका ऑर्डरची सद्यस्थिती, रक्कम आणि पाठवणीचा तपशील देते. आयडी माहीत नसून फक्त ग्राहकाचा ईमेल असेल तर आधी सर्च-ऑर्डर्स वापरा. मागील 18 महिन्यांतल्याच ऑर्डर मिळतात. त्याहून जुन्या ऑर्डरसाठी “सापडली नाही” असे उत्तर येते, पण त्यावरून ती ऑर्डर अस्तित्वात नव्हती असे समजू नये.’ यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. ते नसेल तर एजंट ग्राहकाला अशी ऑर्डर कधी झालीच नाही असे ठामपणे सांगून मोकळा होईल, आणि त्याच्यासमोरच्या मजकुराच्या आधारे पाहिले तर त्याचे काही चुकलेलेही नसेल. टूल केव्हा वापरू नये आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ काय, या दोन गोष्टी बहुतेक वर्णनांतून सुटतात. त्या आवर्जून लिहाव्यात.

पॅरामीटरच्या, म्हणजे टूलला द्यायच्या प्रत्येक मूल्याच्या, बाबतीत केवळ ‘स्ट्रिंग’ किंवा ‘नंबर’ असा प्रकार सांगून भागत नाही. 03/04/2025 ही तारीख 3 एप्रिलही असू शकते आणि 4 मार्चही, म्हणून तारीख आयएसओ 8601 पद्धतीने, म्हणजे 2025-04-03 अशी हवी, हे उदाहरणासह लिहावे आणि वेळ असेल तर टाइमझोनही सांगावा. टाइमआउट 30 म्हणजे सेकंद की मिलिसेकंद, रक्कम मुख्य चलनात द्यायची की त्याच्या शंभराव्या भागात, हेही स्पष्ट करावे. मोजकीच मूल्ये चालत असतील तर ती स्कीमातच ईनम (चालणाऱ्या मूल्यांची बंद यादी) म्हणून बांधून टाकावीत. असे स्कीमा लिहिण्याचे प्रमाण असलेल्या जेसन स्कीमाच्या 2020-12 आवृत्तीत ‘फॉरमॅट’ हा शब्द डीफॉल्टने केवळ माहितीपर असतो, म्हणजे तो लिहिला म्हणून तपासणी होईलच असे नाही. ती तपासणी सर्व्हरवर स्वतः करावी. मूल्य कोठून आणायचे हे सांगायला तर लिहिणारे हमखास विसरतात. ‘हा आयडी सर्च-ऑर्डर्सच्या उत्तरात मिळतो, बिलावर छापलेला क्रमांक येथे चालत नाही’ असे एक वाक्य लिहिले की एजंटला अंदाजाने क्रमांक रचण्याचे कारण उरत नाही.

एररचा संदेश हाही दस्तऐवजच आहे, आणि तो नेमका गरजेच्या क्षणी वाचला जातो. ‘अवैध इनपुट’ एवढ्याने एजंट तीच चूक पुन्हा करून पाहतो. ‘सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेनंतरची आहे, दोन्ही तपासून पुन्हा पाठवा’ असे सांगितले तर पुढचा प्रयत्न बहुधा बरोबर येतो. पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे की नाही हेही कळले पाहिजे: 429 हा कोड (फार विनंत्या झाल्या) आला तर उत्तरातल्या रिट्राय-आफ्टरमध्ये दिलेल्या वेळेइतके थांबावे, 401 (ओळख पटली नाही) आला तर नव्या ओळख-तपशिलाशिवाय तीच विनंती पुन्हा पाठवणे व्यर्थ आहे, आणि पैसे भरण्याची विनंती टाइमआउट झाली तर आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती दोनदा आली तरी एकदाच पूर्ण व्हावी म्हणून दिलेली खूण) न बदलता ती पुन्हा पाठवावी, नाहीतर रक्कम दोनदा जाण्याचा धोका राहतो. एमसीपीमध्ये टूल चालवताना आलेला एरर उत्तराच्या आतच, ‘इज-एरर’ अशी खूण करून पाठवायचा असतो. तसे केले तरच मॉडेलला तो वाचून स्वतःला सुधारता येते.

टूलमुळे काही बदलणार, पुसले जाणार किंवा कोणाला संदेश जाणार असेल तर ते वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात यावे. एमसीपीत ‘रीड-ओन्ली’ आणि ‘डिस्ट्रक्टिव्ह’ अशा सूचक खुणा देता येतात, पण त्या केवळ सूचकच आहेत. एजंटने खरोखर जे करू नये, त्याला अटकाव परवानग्यांनीच घालावा. वर्णनातल्या विनंतीवर विसंबू नये.

टूल कमांड लाइनवरचे असेल तर हेल्पच्या मजकुरात प्रत्यक्ष चालणारी एकदोन पूर्ण उदाहरणे द्यावीत, यशासाठी 0 आणि अपयशासाठी वेगळा एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा आकडा) परत करावा, आणि मध्येच ‘होय की नाही’ असे विचारून थांबणारी कमांड फ्लॅग (कमांडसोबत लिहायचा पर्याय) देऊन न विचारता कशी चालवायची ते सांगावे.

हे सारे लिहिताना लांबीचे भान ठेवावे लागते. साधारणपणे जोडलेल्या प्रत्येक टूलचे वर्णन प्रत्येक विनंतीसोबत मॉडेलकडे जाते आणि कॉन्टेक्स्टमधली (मॉडेल एका वेळी वाचू शकते त्या मर्यादित मजकुरातली) जागा व्यापते. म्हणून टूलचा इतिहास, आतली रचना आणि प्रशंसा गाळावी. निर्णय बदलू शकेल तेवढेच ठेवावे.

लिहून झाल्यावर वर्णन एजंटवरच तपासावे. वापरकर्ता ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत, टूलचे नाव न घेता, काही कामे द्यावीत आणि लॉग, म्हणजे एजंटने काय काय केले याची नोंद, ओळीओळीने वाचावा: कोणते टूल निवडले, कोणते मूल्य अंदाजाने भरले, कोणत्या एररनंतर वाट चुकली. जिथे अंदाज केला गेला तिथे वर्णनात काहीतरी गाळले गेले आहे असे धरून मजकूर दुरुस्त करावा. ही कामे कोडसोबतच जपून ठेवावीत आणि टूलचे वर्तन बदलेल त्या प्रत्येक वेळी पुन्हा चालवावीत.