कॉल दुसऱ्या वाटेने कधी वळवायचा? व्हॉइपमध्ये येणाऱ्यांसाठी

निकाल लागले की ई अँड टीसीची किंवा कॉम्प्युटरची मुलं ओळखीतून फोन करतात. प्रश्न ठरलेला: ‘व्हॉइपमध्ये जायचंय, आधी अ‍ॅस्टेरिस्क शिकू, फ्रीस्विच शिकू की कामाइलिओ?’ व्हॉइप म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन. माझ्या मते आधी कॉलचा ट्रेस, म्हणजे कॉलमधल्या संदेशांची क्रमवार नोंद, वाचायला शिका. ही सॉफ्टवेअरं कंपनीगणिक बदलतात. एसआयपीचा, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या नियमांचा, गाभा मात्र २००२ च्या आरएफसी ३२६१ या मानकापासून तोच आहे. हिंजवडीला जा, बाणेरला जा नाहीतर खराडीला, पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी एक पीकॅप फाइल (नेटवर्कवर पकडलेल्या पाकिटांची) पुढ्यात टाकून विचारणार, ‘हा कॉल का पडला?’

रूटिंग, म्हणजे कॉल कोणत्या वाटेने पाठवायचा ते ठरवणं, कागदावर सोपं दिसतं. नंबर ई.१६४ च्या साच्यात घ्यायचा, म्हणजे देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ आकडे, आणि टेबलात सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स (नंबरचे सुरुवातीचे आकडे) शोधायचा. ९१ पेक्षा ९१२० लांब, म्हणून पुण्याच्या लँडलाइनचा कॉल पुण्याच्या रूटने जातो. मेख परदेशी नंबरांत असते. १ म्हणजे अमेरिका असं धरून टेबल भरलं की १८७६ वाला जमैकाचा कॉल अमेरिकेच्या भावात जातो. ७ रशियाचा खरा, पण ७७ कझाकस्तानचा. ब्रिटनमध्ये ४४७ मोबाइलचा, पण ४४७० हे वेगळेच ‘पर्सनल नंबर’. हे पाठ करू नका. नवी रेटशीट, म्हणजे दरतक्ता, आली की जुनीशी ताडून बघा. काम कंटाळवाणं आहे, नव्या माणसाच्याच गळ्यात पडतं, आणि पैसा कुठे मुरतो ते तिथेच कळतं.

आता खरा मुद्दा. एका देशासाठी तीन-चार कॅरिअर (कॉल पुढे नेणाऱ्या कंपन्या) जोडले की यंत्रणा भरवशाची झाली, असा समज सगळीकडे आहे. माझा अनुभव वेगळा आहे. पहिल्या कॅरिअरने कॉल घेतला नाही तर तो का घेतला नाही, हे ओळखता आलं तरच दुसऱ्याचा उपयोग.

नकार एसआयपीत तीन आकडी कोडने येतो. ४८६ आला म्हणजे समोरचा माणूस दुसऱ्या फोनवर आहे. तोच कॉल आणखी तिघांकडून पाठवून तो मोकळा होत नाही. उगाच वेळ जातो. ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’) आला तर लगेच पुढच्या रूटवर जायचं. ४०४ मात्र फसवा आहे. नाव ‘नॉट फाउंड’, त्यामुळे नंबरच चुकीचा असणार असं वाटतं. पण जुन्या टेलिफोन जाळ्यातली तीन वेगवेगळी क्यू.८५० कारणं (कॉल का पडला याचे ठरलेले आकडे) एसआयपीत येताना याच एका ४०४ मध्ये कोंबली जातात. कारण १ म्हणजे असा नंबर कुणाला दिलेलाच नाही. कारण २ आणि ३ म्हणजे तिकडे जायला वाट नाही. पहिल्यात थांबायचं, बाकी दोन्हींत दुसरा कॅरिअर बघायचा. उत्तरात ‘रीझन’ हेडर (संदेशातली कारण सांगणारी ओळ) असेल तर तो आकडा तिथे दिसतो. नसेल तर तो कॅरिअर ४०४ कशासाठी वापरतो, हे त्याच्याकडून लेखी घ्या. स्वस्तातले काही जण रूट नसला तरी बिनधास्त कारण १ लावतात. अशांसाठी वेगळा नियम लिहावाच लागतो.

आणि उत्तरच आलं नाही तर? यूडीपीवर (ही पद्धत पोचल्याची खात्री देत नाही) इन्व्हाइट, म्हणजे कॉल मागणारा संदेश, गेला की अर्ध्या सेकंदाने तो पुन्हा जातो, मग १, २, ४, ८, १६ सेकंद असं अंतर दुप्पट होत जातं, आणि ३२ सेकंदांनी यंत्रणा हार मानते. ३२ सेकंद शांत फोन कानाला लावून कोण बसणार? म्हणून ही मुदत कमी करून तीन-चार सेकंदांवर आणतात. एवढ्यावर काम संपलं असं वाटतं, पण समोरून ‘१०० ट्राइंग’, म्हणजे ‘प्रयत्न करतोय’, आला की हा टायमर थांबतो. कॅरिअर चुटकीसरशी १०० देतो आणि पुढे चिडीचूप. ‘येणार नाही’ असं तोंडावर सांगणारा रिक्षावाला परवडला. ‘बसा’ म्हणून सीएनजीच्या रांगेत जाऊन उभा राहणारा नको.

त्यामुळे १८० किंवा १८३ (रिंग वाजतेय किंवा कॉल पुढे सरकतोय असं सांगणारे कोड) येईपर्यंतचा दुसरा टायमर हवाच. तो किती ठेवायचा याचं एकच उत्तर नाही. त्या रूटवर एरवी रिंग सुरू व्हायला किती वेळ लागतो ते बघा आणि त्याहून थोडा जास्त ठेवा. फार आखडता ठेवलात तर तुम्ही कॉल रद्द करता तेवढ्यात समोर एक रिंग वाजून जाते, आणि दुसऱ्या रूटने परत वाजते. ग्राहकाची तक्रार येते, ‘मिस्ड कॉल का देता?’

रूट जिवंत आहे का हे बघायला सगळे ऑप्शन्स पिंग (‘आहेस का?’ असं अधूनमधून विचारणारा संदेश) लावतात. लावाच. पण गेटवे (कॅरिअरचं दारावरचं यंत्र) पिंगला २०० ओके देतो म्हणून त्याच्या मागची वाट चालू आहे असं होत नाही. प्रत्येक रूटचा एएसआर, म्हणजे लावलेल्यांपैकी किती कॉल उचलले गेले, तो बघा, आणि सोबत सरासरी कॉल किती चालला तेही. एएसआर एकाएकी फारच छान दिसायला लागला आणि कॉल मात्र काही सेकंदांत तुटू लागले, तर पेढे वाटू नका. पलीकडे फोन वाजत असतानाच ‘उचलला’ म्हणून बिल सुरू करणारे महाभाग या धंद्यात आहेत.

एक निदान फुकटात देतो. कॉल छान लागतो, बोलणं होतं आणि बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो, असं कुणी म्हटलं की फोन उचलल्याच्या २०० ओकेला परत जाणारा एसीके (पोचपावती) वाटेत हरवतोय का ते आधी बघा. कॉन्टॅक्ट हेडरमध्ये (पुढचे संदेश कुठे पाठवायचे ते सांगणारी ओळ) १९२.१६८ वाला, बाहेरून न सापडणारा घरगुती पत्ता सापडण्याची शक्यता दांडगी.

सगळंच एसआयपीत नसतं. आमच्या एका ऑफिसात दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी होत्या. पावसाळ्याआधी रस्ता खोदला आणि दोन्ही एकदम गेल्या, कारण दोन्ही फायबर एकाच चरातून आले होते. दुसरी लाइन घेताना बिलावरचं नाव नव्हे, तर केबल कुठून येते ते विचारा.

शिफ्टचंही सांगून ठेवतो. अमेरिकेचे ग्राहक असतील तर एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षात, रात्रपाळी आलीच. आणि नोकरी घेताना कंपनीकडे दूरसंचार खात्याचा परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका. सिमबॉक्स (अनेक सिम कार्डं बसवलेलं यंत्र) लावून परदेशी कॉल लोकल म्हणून उतरवणं हा गुन्हा आहे, आणि धाड पडते तेव्हा खोलीत मालक नसतो, ऑपरेटर असतो.

सरावाला घरचा लॅपटॉप पुरतो. दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, एकावर कामाइलिओ, बाकींवर कॅरिअर म्हणून एसआयपीपी (हवे ते एसआयपी संदेश देणारं चाचणीचं साधन), आणि ट्रेस बघायला एसएनग्रेप. आधी एका कॅरिअरला ५०३ द्यायला लावा. मग आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) त्याची पाकिटं गिळून टाका. शेवटी त्याला १०० देऊन गप्प बसवा. तिन्ही वेळा कॉल दुसरीकडे वळतो का आणि किती वेळात, ते बघा आणि ट्रेस जपून ठेवा. मुलाखतीत मी कागद पुढे सरकवून तिसऱ्या प्रकाराची शिडी, म्हणजे संदेशांच्या क्रमाची आकृती, काढायला सांगतो. कॅन्सलला (कॉल रद्द करणाऱ्या संदेशाला) २०० ओके, मूळ इन्व्हाइटला ४८७ (‘रद्द झाला’) आणि त्या ४८७ ला परत एसीके: बहुतेकांचं पेन इथेच अडतं.