रोटाव्हेटर घालण्याआधी मल्चिंग पेपर बाहेर काढा

कलिंगडाचा शेवटचा तोडा झाला की सगळ्यांना रान मोकळं करायची घाई होते. मृग तोंडावर आलेला असतो, ट्रॅक्टरवाल्याची तारीख मिळालेली असते. नेमक्या याच घाईत मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर (गादीवाफ्यावर) अंथरलेलं पातळ प्लास्टिक, अर्धा निघतो आणि अर्धा रोटाव्हेटरखाली जातो. एकदा रोटाव्हेटरच्या पात्यांनी पेपराचे तुकडे केले की ते वेचून संपत नाहीत. म्हणून ट्रॅक्टर सांगण्याआधी पेपर काढायचे दिवस ठरवा, आणि पेपर निघाल्यावरच मशागत धरा.

आधी आपल्या रानात किती प्लास्टिक पसरलं आहे ते मोजा. पाच फुटांवर बेड असतील तर एकरी साधारण २,६५० मीटर पेपर लागतो, म्हणजे ४०० मीटरचे साडेसहा-सात रोल. चार फुटी, २५ मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेपर असेल तर त्याचं वजन ७०-७५ किलोच्या घरात जातं. हा आकडा वहीत लिहून ठेवा. काढलेला पेपर झटकून तोला. मातीमुळे वजन जास्तच भरतं, त्यामुळे ७५ किलो भरले म्हणजे सगळा निघाला असं समजू नका. पण त्याहून कमी भरले, तर उरलेला जमिनीतच आहे हे नक्की.

मजूर रोजाने सांगा, उक्ते देऊ नका. उक्त्या कामात वरचा पेपर ओढला जातो आणि मातीत दाबलेली कड तुटून तिथेच राहते. सगळ्यात जास्त प्लास्टिक या कडेनेच मागे राहतं. वरचा भाग उन्हाने कडक झालेला असतो, कड मात्र मातीखाली शाबूत असते, त्यामुळे ओढताना दोन्ही बरोबर येत नाहीत. कुदळीने किंवा खुरप्याने दोन्ही बाजूंची कड आधी उघडी करा आणि मग पेपर गुंडाळत पुढे जा.

त्याआधीची कामं अशी. वेल मुळासकट उपटू नका, भोकातून ओढताना पेपर फाटतो. बुडाशी कापून बाजूला करा. पेपर काढायच्या एक-दोन दिवस आधी ठिबकने हलकं पाणी द्या, म्हणजे वाफशावर माती सुटी होते. नंतर लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, ओढून गुंडाळून ठेवा. काम सकाळी लवकर धरा. बायकांच्या हाती गोण्या द्या, पेपरामागून चालत छोटे तुकडे त्यांनी वेचायचे. हे वेचणं टाळू नका.

एवढा आटापिटा कशासाठी, तर पॉलिथिन कुजत नाही, ते फक्त बारीक होत जातं. पाच मिलिमीटरहून लहान झालं की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, आणि गांडुळं तेही बिळातून खोल नेतात. मोठे तुकडे मातीत आडवे पडले की पाणी सरळ खाली मुरत नाही आणि खालचा ओलावा वर चढत नाही. मूळ तुकड्याला अडलं की वळसा घेतं. कांद्याची मुळं आधीच उथळ, त्यामुळे त्याच रानात खरीप कांदा धरणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. चीनमध्ये शिनजियांगच्या कापसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पातळ पेपर वापरला गेला आणि त्याचे अवशेष जमिनीत साठत गेले. तिथल्या सरकारने २०१७ च्या मानकात पेपराची किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉन केली. पातळ पेपर काढतानाच फाटतो, हेच त्यामागचं कारण. स्वस्त पडतो म्हणून आपल्याकडे २० मायक्रॉनच्याही खाली उतरणाऱ्यांनी याचा विचार करावा.

काढलेला पेपर बांधावर टाकू नका. पहिल्या वावटळीत तो विहिरीत, ओढ्यात जातो, आणि जनावराच्या पोटात गेला तर बाहेर पडत नाही. पेटवूही नका, त्याचा धूर विषारी असतो. पत्र्याच्या शेडमध्ये कोरडा करून, माती झटकून त्याचे गठ्ठे बांधा. तालुक्याच्या भंगारवाल्याला आधी फोन करून शेतीचा पेपर घेतो का विचारा, कारण मातीने माखलेला माल पुष्कळ जण नाकारतात. औषधांच्या बाटल्या तीन वेळा विसळून, भोक पाडून वेगळ्या ठेवा. विसळलेलं पाणी फवारणीच्या टाकीतच जाऊ द्या.

शहराच्या कचऱ्यापासून केलेलं खत घेणार असाल तर गाडी रिकामी करण्याआधी दोन घमेली चाळून पाहा. पिशव्यांचे तुकडे निघाले तर गाडी परत पाठवा.

पुढच्या हंगामाचा पेपर आत्ताच ठरवा. तीन-चार महिन्यांच्या पिकाला २५ मायक्रॉनपेक्षा पातळ घेऊ नका. ‘आपोआप विरघळतो’ असं दुकानदार म्हणाला तर तो नेमका कशाचा आहे ते विचारा. ऑक्सो प्रकारचं, म्हणजे लवकर तुटावं म्हणून रसायन मिसळलेलं प्लास्टिक विरघळत नाही, त्याचा लवकर भुगा होतो. युरोपीय संघात त्याच्या वस्तू २०२१ पासून बाजारात आणायला बंदी आहे. ज्यांच्याकडे उसाचं पाचट आहे त्यांनी निदान एका पट्ट्यात मिरचीला पाचटाचं आच्छादन करून पाहावं. तण थोडं जास्त येईल, खुरपणी एखादी वाढेल, पण हंगाम संपला की काही काढायचं उरत नाही.