सबस्क्रिप्शन रिन्यू करताना देशानुसार बदलणारी किंमत: काय तपासावे, कोणत्या क्रमाने

तेच सॉफ्टवेअर, तीच मुदत, पण दोन देशांत दोन किमती. लोकांची खर्च करण्याची ऐपत, तिथला कर आणि चलनाची चढउतार बघून कंपन्या देशागणिक दर ठरवतात. तो दर कायम राहील याचीही खात्री नसते. स्टीम या कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिना आणि तुर्कीतले स्थानिक चलनातले दर बंद करून डॉलरमधले दर लावले. म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबून राहू नका.

मुदत संपायच्या आधी काही आठवडे ऑटो-रिन्यूअल बंद करा. भरलेल्या मुदतीपुरती सेवा बहुतेक ठिकाणी चालू राहते.

मग मागचे बिल उघडा आणि रक्कम, चलन, कर वेगवेगळे वाचा. अमेरिकेत किंमत सहसा कराशिवाय दाखवतात, युरोपात ग्राहकाला करासह. हे न बघता दोन देशांच्या किमती शेजारी ठेवल्या तर तुलनाच खोटी ठरते. शिवाय जाहिरातीतला दर पुष्कळदा फक्त नव्या ग्राहकाच्या पहिल्या वर्षाचा असतो. तुम्हाला हवा आहे तो रिन्यूअलचा दर.

आता खरी अडचणीची पायरी. मीही इथेच सर्वांत जास्त अडखळलो. कंपनीच्या लेखी तुम्ही कोणत्या देशात आहात? उत्तर तीन जागी असते. पहिली जागा अकाउंटमध्ये नोंदवलेला देश. दुसरी तुमचे कार्ड: त्याच्या पहिल्या सहा ते आठ आकड्यांवरून ते कोणत्या बँकेने, कोणत्या देशात दिले हे कळते. तिसरी तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून तुम्ही कुठून जोडले गेलात याचा अंदाज येतो. कोणती कंपनी कशाला जास्त वजन देते हे ठरलेले नाही, पण तिन्ही जुळत नसतील तर पेमेंट अडकते किंवा भलताच दर लागतो.

‘व्हीपीएन (तुम्ही दुसऱ्याच देशात आहात असे भासवणारी सेवा) लावा, स्वस्त देश निवडा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. आयपी बदलला तरी कार्ड बदलत नाही, आणि खोटा पत्ता देणे हा बहुतेक ठिकाणी सरळ अटींचा भंग असतो. यूट्यूबने २०२४ मध्ये अशा मार्गाने घेतलेली प्रीमियम सदस्यत्वे रद्द करायला सुरुवात केली. दुसऱ्या प्रदेशासाठीच्या स्वस्त ‘लायसन्स की’, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करण्याचे कोड, तर त्याहून वाईट: पैसे जातात आणि तुमच्या देशात तो कोड पुष्कळदा अ‍ॅक्टिव्हेटच होत नाही. ज्या खात्यात तुमचे वर्षानुवर्षांचे काम आहे, ते थोड्या पैशांसाठी धोक्यात घालू नये, हे माझे ठाम मत आहे.

तुम्ही खरोखर दुसऱ्या देशात राहायला गेला असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा देश बदलणे तुमचा हक्क आहे, पण क्रम चुकवू नका. आधी चालू सबस्क्रिप्शन रद्द करून मुदत संपू द्या, खात्यातली शिल्लक खर्च करा, मग देश बदला, नव्या देशाचे कार्ड जोडा आणि शेवटी खरेदी करा. अ‍ॅपल शिल्लक संपल्याशिवाय आणि सबस्क्रिप्शन संपल्याशिवाय देश बदलू देत नाही. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो, तेव्हा तात्पुरत्या मुक्कामासाठी ती संधी वाया घालवू नका.

मुदत संपू देण्याआधी दोन गोष्टी मात्र नक्की बघा. क्लाउडमधल्या फाइल्स उतरवून घ्या, कारण सबस्क्रिप्शन संपले की जागेची मर्यादा खाली येते. आणि तुम्हाला जुना, आता बंद झालेला दर मिळत असेल तर हिशेब पुन्हा करा. खंड पडला की तो दर सहसा परत मिळत नाही, आणि अशा वेळी जुन्या देशाचा दर भरत राहणेही परवडू शकते, अर्थात कंपनीला तसे चालत असेल तर. हे सपोर्टला लेखी विचारा, फोनवर नाही.

पैसे भरण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवरचा दर अ‍ॅपमधल्या दराशी ताडून पाहा. अ‍ॅप स्टोअरचे कमिशन ३० टक्क्यांपर्यंत असू शकते आणि काही कंपन्या ते ग्राहकाकडूनच वसूल करतात. परकीय चलनातले बिल ‘तुमच्या चलनात भरा’ असा पर्याय आला तर नाकारा, त्यातला विनिमय दर सहसा बँकेच्या दरापेक्षा महाग असतो. बँकेचे परकीय व्यवहार शुल्कही किमतीत धरा.

बिल आले की त्यावरचा देश आणि कर तपासा, आणि पुढच्या रिन्यूअलची तारीख लगेच कॅलेंडरमध्ये टाका.