बर्फावरच्या तंबूत पहिल्यांदा बसणार असाल तर

ट्विन सिटीजमधला, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांतला, माझा हा पंधरावा हिवाळा. इथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरतात. दर डिसेंबरात कुणीतरी नवं जोडपं विचारतंच, "ताई, आम्ही येऊ का तळ्यावर?" जरूर या. पाच महिने खिडकीतून बर्फ बघत कुढणारी आपली माणसं इथे पुष्कळ आहेत, त्यांच्यात सामील होऊ नका. फक्त येण्याआधी हे वाचा. घाई असेल तर तंबूतल्या गॅसच्या हीटरचं तेवढं तरी वाचाच.

सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना मासेमारीचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि त्याचं वर्ष फेब्रुवारीअखेर संपतं.

बर्फ पारदर्शक आणि निदान ४ इंच जाड असेल तरच चालत जायचं. पांढुरका, बर्फवृष्टीतून झालेला बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून तो दुप्पट जाड हवा. काल कुणी गाडी नेली होती, हा पुरावा नव्हे. स्वतः भोक पाडून मोजा. गळ्यात बर्फात रोवायचे टोकदार दांडे अडकवलेले असू द्या. पाण्यात पडलात तर त्यांच्याच आधाराने काठावर सरपटत येता येतं.

आता कपडे. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सूत घाम धरून ठेवतं आणि तासाभरात तोच घाम तुम्हाला गारठवतो. अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. सामानाची स्लेड (बर्फावरून ओढायची घसरगाडी) ओढताना जॅकेटची चेन उघडी ठेवा, थोडी थंडी वाजली तरी चालेल. मी पाहिलंय, नवीन माणसं गाडीतून उतरतानाच सगळं चढवतात, अर्धा मैल ओढून घामाघूम होतात आणि तंबूत बसल्यावर कुडकुडायला लागतात.

पाय हा वेगळाच विषय. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की रक्त खाली उतरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. एकच जाड लोकरी जोड पुरतो. दुसरा कोरडा जोड खिशात ठेवायचा आणि तंबूत पोहोचल्यावर पहिलं काम म्हणून बदलायचा. तंबूतली गरम हवा वर जाते, डोक्याला उकडतं आणि पाय बर्फावरच असतात. म्हणून खाली फोमच्या जोडायच्या लाद्या अंथरा. माझ्याकडे सोलापूरहून आणलेली घोंगडी आहे, ती मी लाद्यांवर टाकते. इतक्या वर्षांत तिच्याहून चांगलं काही मिळालेलं नाही.

तंबू दोन माणसांचा, दुहेरी अस्तराचा घ्या. आपल्याकडे आधी मोठ्यात मोठा तंबू घेतात, "पाहुणे आले तर" म्हणून. मोठा तंबू म्हणजे तापवायला जास्त हवा आणि वाऱ्याला जास्त कापड. हीटर पेटवण्याआधी चारी कोपऱ्यांना बर्फात फिरवून बसवायचे अँकर लावा. उघड्या तळ्यावर रिकामा तंबू एका झोतात निघून जातो आणि पेटत्या हीटरसकट निघाला तर काय होईल ते सांगायला नको. खालच्या झालरीवर फावड्याने बर्फ लोटा म्हणजे वारा आत शिरत नाही. पण एका बाजूला हातभर जागा मोकळी सोडा. का, ते आता सांगते.

चार वर्षांपूर्वी, मिल लॅक्स तळ्यावर. मी, नुकताच पुण्याहून आलेला माझा धाकटा दीर आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा. वारा असा की कापड थडथडत होतं. झालरीवर मी चारी बाजूंनी बर्फ घट्ट दाबला होता. दीर म्हणाला, "वहिनी, त्या वरच्या खिडकीतून सगळी ऊब चाललीय." मी खिडकी लावून टाकली. खरंच छान ऊब आली. पाऊण तासाने मुलगा म्हणाला, डोकं दुखतंय. मला वाटलं भूक लागली असेल, मी त्याला गुळपोळी दिली. दोन घास खाऊन तो ओकला. दिराच्या बॅगेत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता, कोविडच्या दिवसांतला. त्यावर ९८ दिसलं आणि आम्ही निर्धास्त झालो. ती दहा मिनिटं मला आजही आठवतात. मग दिराची गरी जोरात ओढली गेली आणि त्याने हातच उचलला नाही, नुसता बघत राहिला. तेव्हा मला कळलं. मी उठले तर गुडघे वळत नव्हते. कशीबशी चेन ओढली, मुलाला बाहेर बर्फावर ढकललं आणि ओरडले. शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी ९११ ला फोन केला. तिघांनाही कित्येक तास ऑक्सिजनवर ठेवलं. विमा असूनही त्या रात्रीचं बिल आम्ही वर्षभर हप्त्यांनी फेडलं.

कोंदट जागेत हीटरचा गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजून आकडा चांगला दाखवतो. आमच्या हीटरला सेन्सरही होता. तो हवेतला ऑक्सिजन कमी झाला की हीटर बंद करतो, मोनॉक्साइड मोजत नाही. म्हणून खालची एक फट आणि वरची एक खिडकी, दोन्ही कायम उघड्या. किती इंच उघडायच्या ते हीटरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा विकत घ्या, आणि तो आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत चालणारा, गोठणबिंदूखालीही चालेल असं खोक्यावर लिहिलेला. घरातले पुष्कळ अलार्म इतक्या थंडीसाठी बनवलेले नसतात. डोक्याच्या उंचीवर टांगा आणि निघण्याआधी बटण दाबून आवाज तपासा. डोकं दुखलं, मळमळलं, कुणी गप्प झालं, की आधी सगळे बाहेर. कारण नंतर शोधा.

कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू तंबूत कधीही, कुणीही कितीही सांगितलं तरी, पेटवू नका. आपल्या गावाकडे थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. तंबू म्हणजे तीच खोली, त्याहून लहान. आणि हीटर पेटता ठेवून झोपायचं नाही, डुलकीसुद्धा नाही.

दोन माणसांच्या तंबूला हीटरच्या बटणावरची ४,००० बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) खालची खूण बहुतेक वेळा पुरते. खिडकी उघडी ठेवूनही पुरते, हे मी त्या रात्रीनंतर स्वतः पाहिलंय. प्रोपेन जळताना वाफही होते, ती कापडावर जमून अंगावर ठिबकते. मोकळी हवा तीही बाहेर नेते. हीटर कापडापासून आणि जॅकेटांपासून लांब, सपाट फळीवर ठेवा. एक पौंडाचा सिलिंडर फार गारठला की ज्योत मंदावते, म्हणून दुसरा आडोशाला, लोकरीत गुंडाळून ठेवा. पण हीटरजवळ तापवायला ठेवू नका.

इथली माणसं फार भली आहेत. भोक पडत नसेल तर स्वतःचं गिरमिट घेऊन येतील, बर्फ कुठे पातळ आहे ते खरं सांगतील. पण तुमचं काही चुकत असेल तर न विचारता बोलणार नाहीत, तो आगाऊपणा समजतात. त्या आजोबांनी आमची बंद खिडकी आधीच पाहिली होती, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. तेव्हा विचारा. पहिल्या दिवशीच शेजारच्या तंबूत जाऊन, "आमचं बरोबर लागलंय का, एकदा बघता?" असं विचारा.

पर्च हा इथला मासा मिळाला तर आगळ आणि मिरची-लसूण लावून, तांदळाच्या रव्यात घोळवून तळा. वेंगुर्ल्याची आठवण येईल. तंबू मात्र त्याच रात्री गराजमध्ये उघडून वाळत घाला, आणि सिलिंडर घरात आणू नका.