सरकारी प्रचाराचा व्हिडिओ कसा पारखावा

आमच्या फोंड्याच्या फॅमिली ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. अमेरिकेतले पोलीस आंदोलकांना फरफटत नेताहेत आणि खाली काकांचा शेरा, ‘ही बघा यांची लोकशाही!’ व्हिडिओ खरा होता. खरी पंचाईत तिथेच आहे, कारण मुरलेला सरकारी प्रचार बऱ्याचदा खऱ्या चित्रांवरच चालतो.

आधी चॅनेल कुणाचं ते बघा. युट्यूबवर सरकारी पैशांवर चालणाऱ्या चॅनेलच्या व्हिडिओखाली बहुधा तशी पट्टी असते. फॉरवर्ड कापून आला असेल तर कोपऱ्यातला लोगो शोधा. तोही पुसलेला असेल, तर स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सला द्या. सीजीटीएन चीनचं, आरटी रशियाचं, व्हॉइस ऑफ अमेरिका नावातच आलं.

मग तेच तोंड घरच्या भानगडींवर उघडतं का, ते तपासा. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हाँगकाँगवरून चीनला सुनावलं. चीनच्या प्रवक्त्या हुआ चुनयिंग यांनी ट्विटरवर उत्तर दिलं, ‘मला श्वास घेता येत नाही.’ अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडचे ते अखेरच्या क्षणांतले शब्द. टोला अचूक बसला. पण ट्विटर चीनमध्ये २००९ पासूनच बंद आहे. इकडे ट्रम्प दोनच दिवसांत आपल्याच शहरांत लष्कर उतरवण्याची भाषा करत होते.

तिसरी पायरी माझी लाडकी. व्हिडिओतलं मुख्य वाक्य कागदावर उतरवा, देशाचं नाव खोडून दुसरं घाला. सरावाला आपलाच डिसेंबर १९६१ घ्या, भारताने लष्कर पाठवून पोर्तुगीजांकडून गोवा सोडवला तेव्हाचा. ‘बळाचा वापर चूक’ म्हणत अमेरिकेने सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध मत दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्युबावर बे ऑफ पिग्जची स्वारी तिनेच घडवून आणली होती. हे लिहिताना मजा येते ना? आता सोव्हिएत युनियन घाला. वसाहतवादाविरुद्ध बोलून त्याने नकाराधिकार वापरला, म्हणून आपल्याला तो प्रिय. पण १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये रणगाडे त्याचेच होते. इथे पेन अडखळलं, तर चाचणी बरोबर चाललीय. शेवटी भारताचं नाव घालून बघा.

आणि काकांना उत्तर ग्रुपवर देऊ नका. मी एकदा दिलं, दोन महिने त्यांनी फोन घेतला नाही. चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना सांगितलं, तेव्हा ऐकलं.