छपराला टेकलेली लाकडी साइडिंग कापण्याआधी

अमेरिकेतल्या स्प्लिट-लेव्हल (मजले वर-खाली पातळ्यांवर असलेल्या) घरांवर किंवा डॉर्मरच्या, म्हणजे छपरातून वर काढलेल्या खिडकीच्या, बाजूच्या भिंतीवर हे दृश्य नेहमीचं आहे. साइडिंगची, म्हणजे भिंतीवर बाहेरून ठोकलेल्या सीडर लाकडाच्या फळ्यांची, खालची टोकं थेट शिंगलवर, म्हणजे छपरावरच्या डांबरी कौलांवर, टेकलेली असतात, तळाचा रंग सोललेला असतो आणि बोट दाबलं तर लाकूड आत जातं. उतारानुसार तिरकं कापलेलं टोक म्हणजे लाकडाचे उघडे पडलेले तंतू, आणि ओल्या शिंगलवर टेकले की ते वातीसारखं पाणी वर ओढतात. बांधताना अंतर ठेवलेलं असलं तरी पुढे कोणीतरी जुन्या शिंगलवर दुसरा थर चढवतो आणि ते अंतर बुजतं. तेव्हा फळ्यांचा तळ छपरापासून किमान १ इंच, बर्फ पडणाऱ्या भागात २ इंच वर कापून घ्यावा लागतो. कापायला अर्धा तास पुरतो, बाकीचा शनिवार तयारीचा.

पहिली तयारी हातात टेप घेऊन. साइडिंगच्या मागे पत्र्याचं स्टेप फ्लॅशिंग असतं, शिंगलच्या प्रत्येक ओळीला काटकोनात वाकवलेला एक तुकडा. छोटा आरसा, टॉर्च आणि पातळ स्टीलची पट्टी घेऊन त्याची भिंतीवरची उभी बाजू किती उंच आहे ते तीन-चार ठिकाणी मोजा. ती ४ इंच असेल तर २ इंच कापल्यावरही साइडिंगमागे २ इंच पत्रा उरतो, काम सुरू करायला हरकत नाही. पण जुन्या घरात ही उंची कधी दोन-अडीच इंचच निघते. तिथे २ इंच कापलं तर पत्र्याची वरची कड जवळपास उघडी पडेल आणि वाऱ्याबरोबर येणारं पाणी थेट भिंतीत शिरेल. अशा वेळी १ इंचावर थांबा, किंवा छपरावाल्याला बोलावून आधी पत्रे बदलून घ्या. हे मोजमाप न घेता करवत लावणं हीच या कामातली सगळ्यांत महाग चूक. एकेका पत्र्याऐवजी डांबर फासलेलं किंवा एकच लांब पत्रा वाकवून बसवलेला दिसला, तर साइडिंग कापून प्रश्न सुटणार नाही.

त्याच फेरीत छपराचा उतार जिथे संपतो आणि भिंत पुढे चालू राहते तो कोपरा बघा. तिथे पाणी पन्हळीत ढकलणारा किकआउट पत्रा हवा. नसेल, तर त्याखालच्या फळ्या पटाशीच्या टोकाने टोचून पाहा, बहुतेकदा कुजण्याची सुरुवात तिथेच असते. फळी मऊ लागली तर ती बदलायचीच आहे, कापण्याचे कष्ट घेऊ नका.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं आहे असं धरून चाला आणि आधी चाचणी करा. शिसं निघालं तर विजेची करवत भुसा हवेत उडवते, तो छपरावरून खाली मुलांच्या खेळण्याच्या जागेत जातो, म्हणून हे काम प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडे द्यावं. जुनी, करडी, लाकडासारख्या रेषा असलेली पण ठिसूळ टाइल साइडिंग दिसली तर ती ॲस्बेस्टॉस-सिमेंटची असू शकते. तिला करवत लावायचीच नाही.

अवजारांत कार्बाइड दातांचं पातं लावलेला सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत), टोकाच्या कोपऱ्यांसाठी मल्टीटूल (थरथरणाऱ्या छोट्या पात्याचं हत्यार), धारदार पटाशी, सूत मारायची खडूची दोरी आणि खिळे शोधायला लोहचुंबक ठेवा. सॉचं पातं कोणत्या बाजूला आहे ते घरीच बघून घ्या. पातं उजवीकडे असेल, तर भिंतीकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे कापतानाच मोटर वर राहते आणि पातं छपराकडे येतं. बॅटरीच्या बऱ्याच सॉमध्ये पातं डावीकडे असतं, त्यांचं उलट. पात्यापासून सॉच्या पायाची अरुंद कड साधारण दीड इंचावर असते, म्हणून २ इंचांची रेघ सॉने जमते, १ इंचाची मल्टीटूलनेच कापावी लागते.

एकावर एक चढलेल्या फळ्यांवर सॉ डुगडुगतो. त्यासाठी पाऊण इंच जाडीची सरळ फळी रेघेवर बसवा, तिच्यावर सॉची वरची कड टेकेल अशी पट्टी मारा, आणि स्क्रू छपरापासून ६ इंचांच्या वरच घ्या, नाहीतर तेच फ्लॅशिंगला भोकं पाडतील. पात्याची खोली ठरवताना या फळीची जाडी मोजायला विसरू नका. आणि पूर्ण आरपार कापू नका. शेवटचा पातळ पापुद्रा पटाशीने तोडा, कारण मागे पत्रा आणि हाउसरॅप (भिंतीवरचं पाणी अडवणारं आवरण) आहे. जमेल तिथे साइडिंग आणि फ्लॅशिंगच्या मधे ॲल्युमिनियमचा पत्रा सारला तर आणखी बरं.

कापलेलं टोक उघडं ठेवायचं नाही, म्हणून रंगाचं सामान कापण्याआधीच जवळ हवं. रंग बसू देणारं वॉटर-रिपेलंट प्रिझर्व्हेटिव्ह (पाणी झटकणारं लाकूडरक्षक द्रव), ऑइल प्रायमर आणि भिंतीच्या रंगाचा ॲक्रिलिक, पंधरा-वीस फुटांच्या कडेला प्रत्येकी एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) भरपूर. त्या फटीत नेहमीचा ब्रश शिरत नाही, वाकड्या मानेचा ब्रश आणा, नाहीतर जुना टूथब्रश चालतो. सीडरसाठी नवे खिळे लागलेच तर स्टेनलेसचे घ्या, साध्या खिळ्यांभोवती काळे ओघळ उतरतात. सीलंटची ट्यूब मात्र दुकानातच राहू द्या. ही फट बुजवली की आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते.

दिवस कोरडा, ५० अंश फॅरनहाइटच्या वर, पण सकाळचा निवडा. दुपारच्या उन्हात शिंगल मऊ पडतात आणि बुटाखाली त्यांचे दाणे निघतात, कडाक्याच्या थंडीत त्या तडकतात. उतार १२ इंचांना ६ इंचांहून जास्त असेल तर दोर आणि हार्नेसशिवाय चढू नका. खाली एक माणूस हवाच. गॉगल, मास्क, शिंगलवर अंथरायला फोमची गादी, पन्हळीच्या तोंडाशी जाळी. भुसा पावसात पन्हळीत गेला की लगदा होतो, त्यामुळे काम संपताच ब्रशने झाडून पिशवीत भरा आणि खिळ्यांसाठी छपरावर आणि खालच्या गवतावर एकदा लोहचुंबक फिरवा.