कट्ट्यावर नवा भिडू कसा आणायचा

‘बाबांना तुमच्या कट्ट्यावर घेऊन जा ना, दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात,’ असं नाशिकच्या सिडकोतली मुलं-सुना मला वरचेवर सांगतात. मी सातपूरच्या एका कारखान्यातून टाइमकीपर म्हणून रिटायर झालो, त्यामुळे उद्यानातल्या आमच्या कट्ट्याची वही आपसूक माझ्याकडे आली. नेतो की! पण नुसतं आणून बाकावर बसवलं म्हणजे काम झालं, असं नाही.

आधी कान बघा. माणूस चारचौघांत यायचं टाळायला लागला की घरचे म्हणतात, ‘स्वभावच तसा झालाय.’ बऱ्याचदा त्याला निम्मं ऐकूच येत नसतं. काहीही विचारलं तरी ‘हो हो’ म्हणतो, सगळे हसले की मागाहून हसतो. असं दिसलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या, पण आपल्या हातात असलेल्या १४ गोष्टी सांगितल्या. एकूण डिमेन्शियात ऐकू कमी येण्याचा वाटा साधारण ७ टक्के आणि माणसांपासून तुटण्याचा ५ टक्के धरलाय. मला तर या दोन्ही एकाच घरातल्या वाटतात. ऐकू येईना म्हणून हा बोलेना, आणि हा बोलेना म्हणून कुणी विचारीना.

कानाचं मशीन घेतलं तर सुरुवातीला भांड्यांचा आवाजसुद्धा टोचतो. घरी शांत खोलीत रोज थोडा थोडा वेळ सवय होऊ द्या, मग कट्टा. बसवताना रस्त्यापासून लांबचा बाक निवडा आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असू द्या. ओठ दिसले की अर्धं ऐकू येतं.

आता मुख्य गोष्ट. नव्या माणसाला ‘या, बसा’ म्हणू नका, काम द्या. आमच्याकडे एक काका बँकेतून रिटायर झालेले, तोंडातून शब्द काढत नव्हते. त्यांच्या हातात चहाच्या पैशांची डबी दिली. कोणी दिले, कोणाचे राहिले हे विचारायला त्यांना प्रत्येकाशी बोलावंच लागतं. वर उधारीवरून भांडतातही, आणि मला ते भांडण फार आवडतं.

दुसरं औषध मेंढीकोट, हा पत्त्यांचा डाव. रमीत ज्याची पानं त्याच्यापाशी. मेंढीकोटात समोर भिडू असतो. हुकूम कोणता, किती दहिले (दश्श्या) गेले, डावीकडच्याने मघाशी कोणत्या पानाला नाही म्हटलं, हे सगळं ध्यानात ठेवून भिडूच्या चेहऱ्यावरचंही वाचायचं. विसरलात तर तो सोडत नाही. लक्ष, आठवण आणि माणसं असा तिन्हींचा व्यायाम एका डावात होतो. नवा माणूस पहिल्यांदा बसला की त्याला सगळ्यात शांत भिडू द्या. चिडका दिलात तर तो उद्या येणार नाही.

व्याख्यानं चांगलीच. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, जरूर न्या. पण परतताना रिक्षात विचारा, ‘वक्त्याचं कोणतं म्हणणं पटलं नाही?’ नुसतं ऐकून घेण्यात आणि उत्तर द्यावं लागण्यात फरक आहे. गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड मी तर कुठल्याच हिशेबात धरत नाही. आजी भजनी मंडळात जात असतील तर महिन्याला एक नवा अभंग बसवायला सांगा. पाठ असलेले तर झोपेतही म्हणता येतात.

एक गोष्ट मात्र जपा. बोलका माणूस अचानक गप्प झाला, सरावाचे हिशेब चुकायला लागला किंवा रोजच्या वाटेवर गोंधळला, तर कट्ट्याने बरा होईल म्हणून थांबू नका. गप्प होणं हे कधीकधी आजाराचंच पहिलं लक्षण असतं. शिवाय बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य यानेही विसराळूपणा येतो, आणि त्यावर इलाज आहेत. डॉक्टरांना दाखवा. कुठे विचारायचं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

पावसाळ्यात उद्यानात चिखल झाला की कट्टा मोडतो आणि एकदा मोडला की दिवाळीपर्यंत जमत नाही. म्हणून जूनच्या आधीच कुणाच्या तरी बिल्डिंगचं पार्किंग ठरवून ठेवा. खुर्च्या आपापल्या घरून आणायच्या. सोसायटीच्या चेअरमनला आधी विचारा, जमल्यास त्यालाच चौथा भिडू करा.